लहानपणापासून तेच वाईट स्वप्न: अर्थ कसा लावायचा आणि ते कमी कसं करायचं
(ठाणे आणि नवी मुंबईतल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

समुपदेशनासाठी येणारे बरेचजण पहिल्याच भेटीत विचारतात, ‘या स्वप्नाचा अर्थ काय?’ स्वप्न बहुधा शाळेच्या वयापासूनचं असतं. कोणीतरी मागे लागलंय आणि पाय उचलत नाहीत. घरात पाणी चढतंय. जिना संपतच नाही. बारावीचा पेपर आहे आणि पुस्तक उघडलेलंच नाही. या प्रश्नाचं उत्तर पुढे दिलं आहे, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अर्थ लागणं आणि स्वप्न थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थ अजिबात न कळता स्वप्न थांबलेलं आढळतं, आणि अर्थ पक्का ठाऊक असूनही ते वीस-वीस वर्षं पडत राहतं. म्हणून आमचा आग्रह असा, की आधी स्वप्न कमी करण्याच्या मागे लागा. अर्थ त्या वाटेवर बरेचदा सापडतो.

आधी ओळखा: हे नक्की काय आहे?

रात्रीची झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये होते. प्रत्येक फेरीच्या शेवटी ‘रेम’ झोप येते. त्या वेळी पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि स्वप्नं ठळक पडतात. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिअल क्लाइटमन यांनी १९५३ साली ही झोप पहिल्यांदा नोंदवली. पहाटेकडे रेमचा काळ लांबत जातो. म्हणून खरं वाईट स्वप्न बहुतेक वेळा रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात पडतं, माणूस पूर्ण जागा होतो आणि गोष्ट त्याला तपशीलवार आठवते. आघातानंतरची स्वप्नं मात्र रात्री कधीही पडू शकतात.

झोपल्यावर एक ते तीन तासांत मूल किंचाळत उठून बसलं, डोळे उघडे आहेत पण आईलाही ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तर ते स्वप्न नव्हे. ती गाढ झोपेतली अर्धवट जाग असते. तिचा अर्थ शोधण्यात काही हशील नाही, कारण तिथे गोष्टच नसते.

तिसरा प्रकार म्हणजे ‘छातीवर कोणीतरी बसलंय, ओरडायचंय पण आवाज फुटत नाही’. गावाकडे याला मुंजा किंवा समंध बसला म्हणतात. रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणजे स्वप्नातलं धावणं अंथरुणात घडत नाही. कधी डोळे आधी उघडतात आणि स्नायू मागून जागे होतात. मधला काळ काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा असतो. अनुभव भयंकर वाटतो, पण त्याने जिवाला धोका नसतो. श्वासाकडे लक्ष द्या आणि एकच बोट किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा. पाठीवर झोपल्यावर आणि झोप अपुरी असताना हे जास्त होतं, तेव्हा कुशीवर झोपून पाहा.

वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि स्वप्नात खरोखरच लाथा-बुक्क्या मारल्या जातात, शेजारी झोपलेल्याला लागतं, असं असेल तर आमच्याकडे नको, आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. स्नायू सैल करणारी यंत्रणा बिघडल्याचं ते लक्षण असतं आणि पुढे होणाऱ्या पार्किन्सनसारख्या आजाराची ती आगाऊ सूचना असू शकते.

एकच स्वप्न इतकी वर्षं का टिकतं?

लहान मुलांना वाईट स्वप्नं पडणं अगदी स्वाभाविक आहे. तीन ते सहा या वयात ती सुरू होतात आणि बहुतेकांची मोठं होता होता विरतात. मोठ्या माणसांपैकी सुमारे ४ टक्क्यांना मात्र त्यांचा त्रास उपचार लागण्याइतका असतो. यात थोडा भाग आनुवंशिक आहे, थोडा स्वभावाचा. ज्यांना सगळंच खोल लागतं, त्यांना स्वप्नंही खोल लागतात. काहींच्या बाबतीत मुळाशी खरा प्रसंग असतो: अपघात, मारहाण, घरातलं व्यसन, लैंगिक अत्याचार, किंवा २६ जुलै २००५ सारखा दिवस. त्या दिवशी घरात शिरलेलं पाणी पाहिलेली मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत.

पण सुरुवात कशानेही झालेली असो, टिकण्याचं कारण वेगळं असतं. तुम्ही दर वेळी सर्वांत भीतिदायक क्षणी जागे होता. गोष्ट तिथेच तुटते, पुढे काय झालं हे मेंदूला कधी कळतच नाही. मग दिवसभर तुम्ही तो विचार टाळता, रात्री झोपायला घाबरता, उशिरा झोपता. झोप तुटते, तुटलेल्या झोपेत स्वप्नं आणखी आठवतात. रोज त्याच वाटेने गेल्यावर गवतातून पायवाट पडते, तसं ते स्वप्न मेंदूत रुळतं. कारण कधीच संपून गेलेलं असतं, सवय उरते.

अर्थ शोधायचा तर कुठे?

साप दिसला म्हणजे शत्रू, दात पडला म्हणजे घरात मृत्यू, असे तक्ते पिढ्यान्‌पिढ्या छापले जातात. त्यांना अभ्यासाचा आधार नाही. सापाचं स्वप्न सर्पमित्राला पडलं आणि ज्याच्या भावाला साप चावला त्याला पडलं, तर अर्थ एक कसा असेल?

चित्र बाजूला ठेवा आणि भावना पकडा. जागं झाल्यावरच्या पहिल्या मिनिटात नेमकं काय वाटलं? नुसतं ‘भीती’ पुरेसं नाही. अडकल्याची भीती की एकटं पडल्याची? शरम, की अपराधी वाटणं, की हतबलता? मग स्वतःला विचारा, हीच भावना जागेपणी शेवटची कधी आली होती, आणि लहानपणी घरात-शाळेत ती पहिल्यांदा कुठे आली होती. नोकरीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला बारावीचा पेपर दिसतो, तेव्हा बहुधा ऑफिसमध्ये कोणीतरी त्याची पारख करत असतं. स्वप्न जुनं, प्रसंग ताजा.

दुसरा सुगावा वेळापत्रकात असतो. सहा महिने न पडलेलं स्वप्न याच आठवड्यात का आलं? घरभाड्याचा करार संपतोय, इमारतीला धोकादायक असल्याची नोटीस लागली आहे, सासरी-माहेरी भांडण झालंय, मूल त्याच वयाचं झालंय ज्या वयात तुमच्यावर काहीतरी गुदरलं होतं. हा शेवटचा मुद्दा पालकांच्या बाबतीत फार वेळा निसटतो.

इथे एक इशारा कळकळीने द्यायचा आहे. स्वप्न म्हणजे विसरलेल्या घटनेचा पुरावा नव्हे. ‘तुम्हाला असं स्वप्न पडतं म्हणजे लहानपणी नक्की काहीतरी झालं असणार’ असं सांगून संमोहनाने ‘आठवण बाहेर काढून’ देणाऱ्यांपासून दूर राहा. न घडलेल्या प्रसंगाची खरीखुरी वाटणारी आठवण माणसात रुजवता येते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ साली प्रयोगातून दाखवलं. अशा ‘आठवणी’ने कुटुंबं मोडतात. आम्ही हे काम करत नाही. जे तुम्हाला आधीपासून आठवतंय त्यावर मात्र पूर्ण विश्वास ठेवून काम करतो.

औषधं, दारू आणि शिफ्ट

मनात खोल उतरण्याआधी औषधांच्या पट्ट्या तपासा. रक्तदाबासाठी किंवा मायग्रेनसाठी दिलेली प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधं, काही नैराश्यविरोधी गोळ्या, पार्किन्सनवरची लेवोडोपा, सिगारेट सोडण्यासाठीची वॅरेनिक्लिन यांनी वाईट स्वप्नं वाढू शकतात. सर्दी-ॲलर्जीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये माँटेलुकास्ट असतं, लहान मुलांच्या दम्यातही असतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर २०२० साली मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा छापायला लावला, आणि त्या दुष्परिणामांत वाईट स्वप्नंही आहेत. मात्र कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. प्रोप्रॅनोलॉल अचानक सोडलं तर हृदयावर ताण येतो, नैराश्याची गोळी अचानक सोडली तर दबलेली रेम झोप उसळून स्वप्नं उलट वाढतात. ज्यांनी औषध लिहिलं त्यांनाच दाखवा.

दारूचंही तसंच. पहिल्या अर्ध्या रात्रीत ती रेम दाबते आणि उतरली की पहाटे ती उसळते. ‘झोप यावी म्हणून दोन पेग’ घेणाऱ्यांची पहाट म्हणून वाईट जाते.

आपल्या भागात शिफ्टचा आणि लोकलचा वाटा मोठा आहे. ऐरोली, महापे, घणसोलीला रात्रपाळी करून सकाळी सातला झोपणारा माणूस रेमचा जोर असलेल्या वेळीच झोपतो. आठवडाभर पहाटे साडेचारला उठणारा रविवारी आठपर्यंत झोपतो आणि नेमका रविवारी घाबरून उठतो. यात गूढ काही नाही, राहिलेली रेम त्या दिवशी भरून निघते. सुट्टीच्या दिवशी नेहमीपेक्षा एक तासाहून जास्त झोपू नका. त्याऐवजी आदल्या रात्री लवकर झोपा. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर झोपेची तपासणी करून घ्या. श्वास सुधारला की पुष्कळांची स्वप्नं निवळतात.

स्वप्न बदलण्याचा सराव

वाईट स्वप्न जागेपणी बदलून लिहायचं आणि बदललेली गोष्ट रोज मनात पाहायची, या उपायाला सर्वांत भक्कम आधार आहे. बॅरी क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या १६८ स्त्रियांवर केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात या सरावाने स्वप्नं कमी झाली. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१८ साली वाईट स्वप्नांसाठी याचीच शिफारस केली. प्राझोसिन या गोळीबद्दल मोठी आशा होती, पण त्याच वर्षी माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ती औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही. काहींना तिचा उपयोग होतो, ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील.

आधी दोन आठवडे वही ठेवा. मोबाईल नको, त्याच्या उजेडाने आणि मेसेजने झोप उडते. सकाळी पाच ओळींत लिहा: किती वाजता झोपलात, किती वाजता दचकून उठलात, भावना कोणती, तिची तीव्रता दहापैकी किती, आदल्या संध्याकाळी जेवण, दारू, औषध, भांडण, ताप. पाळीची तारीखही लिहा.

मग एक स्वप्न निवडा. सर्वांत भयंकर नको. दहापैकी चार-पाच तीव्रतेचं घ्या. ते वर्तमानकाळात एका पानात लिहा: ‘मी जिना चढतेय, मागे पावलं ऐकू येतात…’ आता ते कुठूनही बदला, पण भीती शिखरावर जाण्याआधी बदला. पहिल्या मजल्यावर शेजारच्या काकूंचं दार उघडं आहे, आत दिवा आहे, कुकरची शिट्टी होते, तुम्ही आत जाऊन पाणी पिता. नवी गोष्ट आनंदाचीच हवी असं नाही, ती तुम्हाला पटली पाहिजे आणि पुढे सरकली पाहिजे. वास, आवाज, पायाखालची फरशी असं सगळं लिहा.

ही नवी गोष्ट रोज दिवसा १० ते १५ मिनिटं, खुर्चीत बसून, डोळे मिटून मनात पाहा. जुनी उजळायची नाही. ती मध्येच घुसली तर डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तू मोजा, पुन्हा नव्या गोष्टीच्या सुरुवातीपासून सुरू करा. फरक बहुधा दोन ते चार आठवड्यांत कळतो. एक स्वप्न निवळलं की मग पुढचं, जास्त तीव्रतेचं घ्या.

चुकतं कुठे, तर बहुतेक जण सर्वांत वाईट स्वप्नापासून सुरुवात करतात आणि दुसऱ्या दिवशी वही बंद करतात. काहीजण बदलात मारामारी घालतात, मग सराव संपल्यावरही छाती धडधडत राहते. काही रोज नवा शेवट लिहितात, त्यामुळे कुठलाच रुळत नाही. अंथरुणात पडून सराव केला की तिसऱ्या मिनिटाला झोप लागते. आणि पुष्कळांची निराशा होते, कारण त्यांना नवी गोष्ट स्वप्नात दिसायला हवी असते. ती बहुतेकांना दिसत नाही. जुनं स्वप्न फिकं पडतं, अंतराने पडतं, मध्येच दुसरीकडे वळतं. तेच यश समजा.

स्वप्नाच्या मुळाशी खरा आघात असेल तर हे एकट्याने करू नका, सोबत प्रशिक्षित व्यक्ती हवी.

मूल लहान असेल तर

दहा वर्षांखालच्या मुलाला लिहायला लावू नका. स्वप्नाचं चित्र काढू द्या आणि मग त्याच कागदावर हवा तो बदल त्यालाच काढू द्या. राक्षसाला कोणी मित्र द्यायचा की दरवाजा, हे मुलाने ठरवायचं, तुम्ही नाही. रात्री घाबरून आलं तर जवळ घ्या, ‘काही नव्हतंच’ म्हणू नका. त्याच्यासाठी होतं. चौकशी दिवसा करा.

गाढ झोपेत किंचाळणाऱ्या मुलाला हलवून उठवू नका, पडणार-लागणार नाही एवढं पाहा. हे रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्या वेळेच्या १५ ते २० मिनिटं आधी हळूच चाळवून जागं करा आणि पुन्हा झोपू द्या. दोन ते चार आठवडे हे नेमाने केल्यास चक्र तुटतं.

दृष्ट काढल्याने किंवा स्तोत्र म्हटल्याने मूल शांत होत असेल तर जरूर करा, रोजचा ठरलेला क्रम झोपेला मदतच करतो. पण उशीखाली सुरी ठेवू नका. अर्धवट झोपेत हात तिच्यावर पडतो. आणि ‘हिला बाहेरचं लागलंय’ हे मुलासमोर बोलू नका. भीती तिथेच पक्की होते.

स्वप्नं अचानक सुरू झाली, सोबत एका ठरावीक माणसाकडे किंवा जागी जायला मूल नकार देतं, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, तर शांतपणे ऐकून घ्या, त्याला उलटतपासणीत अडकवू नका. बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

थांबू नका

वाईट स्वप्नांसोबत जगणं नकोसं वाटत असेल, तर वही, सराव सगळं बाजूला ठेवा आणि आजच बोला. वारंवारच्या वाईट स्वप्नांचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, म्हणून याला किरकोळ समजू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे.

पहिल्या भेटीला येताना

दोन आठवड्यांची वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या (आयुर्वेदिक आणि जिमच्या पावडरीही) आणि शक्य असल्यास रात्री शेजारी झोपणारी व्यक्ती सोबत आणा. तुम्ही घोरता, बरळता की हातपाय झाडता, हे तीच सांगू शकते. पहिल्या भेटीत स्वप्न पूर्ण सांगण्याची सक्ती नाही. ‘एक स्वप्न आहे, त्यात मला अडकल्यासारखं वाटतं’ एवढ्यावरही काम सुरू होतं.