महार रेजिमेंटचे बोधचिन्ह

भारतीय लष्करातील महार रेजिमेंट या पायदळ रेजिमेंटचे चिन्ह. तिवईवरील दोन विकर्स मशीनगन एकमेकींना छेद देत उभ्या आणि त्यांच्या जोडीला खंजीर, अशी त्याची आजची रचना आहे. खंजिराच्या जागी पूर्वी कोरेगावचा विजयस्तंभ होता. या बदलामागचा इतिहास समजल्याशिवाय हे चिन्ह पुरते उलगडत नाही.

भीमा नदीकाठच्या कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीच्या तुकडीची लढाई झाली. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालच्या या तुकडीत बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे सुमारे ५०० शिपाई होते, त्यांत महार शिपायांची संख्या मोठी होती. कंपनीने तेथे उभारलेल्या स्तंभावर मृतांची नावे कोरली असून त्यांतील बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. त्या काळी महार पुरुषांच्या नावापुढे हा प्रत्यय लागत असे. ज्यांना गावात सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरता येत नव्हते, त्यांची नावे सरकारी स्मारकावर कायमची नोंदली गेली, हे या स्तंभाचे खरे मोल आहे.

पुढे, १८९०च्या दशकात, ठरावीक जातींनाच लढवय्ये मानणाऱ्या ब्रिटिशांच्या ‘लढाऊ जाती’च्या धोरणामुळे महारांची लष्करभरती बंद झाली. महार समाजाचे नेते शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे (ब्रिटिश सरकारातील भारताचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्यांकडे) अर्ज करून ती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, १११वी महार ही पलटण उभी राहिली, पण युद्धानंतर लवकरच ती मोडण्यात आली. या साऱ्या काळात कोरेगावचा स्तंभ हा भरतीच्या मागणीचा दगडी पुरावा ठरला. सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभाला भेट दिली. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाल्यावर त्यांनी स्वतंत्र महार रेजिमेंटसाठी आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे पहिली बटालियन उभी राहिली.

नव्या रेजिमेंटच्या टोपीवरील बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला, तो या पार्श्वभूमीवर. सैन्याच्या दारातून बाहेर काढलेल्यांनी आपल्या जुन्या सेवेची साक्ष कपाळावर मिरवली, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंटचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले आणि चिन्हात विकर्स गन आल्या. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश मशीनगन कोअरच्या बिल्ल्यावरही अशाच दोन छेदणाऱ्या विकर्स होत्या. पाण्याने थंड होणारी, कापडी पट्ट्यातून .३०३ काडतुसे घेणारी ही बंदूक एका माणसाने चालवायची नाही. तिवई, पाणी, काडतुसे, नेम अशी कामे वाटून घेणारे पथकच ती चालवते. त्यामुळे एकट्या योद्ध्याच्या तलवारीपेक्षा पथकाचे हे शस्त्र रेजिमेंटला अधिक शोभते. १९६०च्या दशकात रेजिमेंट पुन्हा साध्या पायदळात आली आणि विकर्सही पुढे वापरातून गेली, तरी चिन्हातील तिचे स्थान कायम राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात स्तंभ चिन्हातून निघाला. कंपनीच्या विजयाचे स्मारक स्वतंत्र देशाच्या सैन्याच्या बिल्ल्यावर ठेवणे अवघड होते, हे उघड आहे. त्याच्या जागी हातघाईच्या लढाईचे शस्त्र, खंजीर, आला. दरम्यान रेजिमेंटमध्ये इतर समाजांचे आणि प्रांतांचे जवानही येऊ लागले होते. एका समाजाच्या आठवणीचे चिन्ह अशा रीतीने सर्वांचे झाले. मात्र रेजिमेंटचे मूळ नाव बदलले नाही.

रेजिमेंटचे ब्रीदवाक्य ‘यश सिद्धी’, तर युद्धघोष ‘बोलो हिंदुस्तान की जय’ असा आहे. रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. ८ महारचे (रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे) मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीतील शौर्यासाठी मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.