शाळकरी मुलांची ताकद: मोजमापाचा सत्तर वर्षांचा प्रवास

'आजकालच्या मुलांच्या अंगात जोर नाही' ही तक्रार जुनीच. तिला आकड्यांचं बळ मिळालं 1954 मध्ये. हान्स क्राउस आणि रूथ हिर्शलँड यांनी अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या शाळकरी मुलांना त्याच सहा चाचण्या दिल्या. निदान एका चाचणीत नापास झालेली मुलं अमेरिकेत 57.9 टक्के निघाली, तर ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंडमध्ये फक्त 8.7 टक्के. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हादरले आणि 1956 मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी खास परिषद नेमली गेली.

पण या चाचण्या मुळात पाठदुखीच्या रुग्णांसाठी बेतलेल्या होत्या. पाठीवर झोपून पाय उचलून धरा, पालथं पडून छाती उचला, असा प्रकार. सहावी चाचणी म्हणजे पाय जुळवून, गुडघे न वाकवता बोटांची टोकं जमिनीला टेकवायची आणि तीन सेकंद तसंच राहायचं. अमेरिकन मुलांची दांडी उडाली ती मुख्यतः इथेच. म्हणजे गाजावाजा झाला दुबळेपणाचा. सापडला होता बराचसा ताठरपणा!

मग 1957-58 मध्ये पुल-अप्स, सिट-अप्स, जागेवरून लांब उडी, धावणं अशी मोठी चाचणी देशभर घेतली गेली. 1965 च्या फेरतपासणीत गुण चांगलेच वाढलेले दिसले. त्यात खरी सुधारणा किती आणि शाळांनी करून घेतलेला चाचणीचाच सराव किती, हा प्रश्न मला तरी रास्त वाटतो. 1975 मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा गाडी जवळपास तिथेच होती.

जपानने 1964 पासून दरवर्षी मोजमाप चालू ठेवलं, म्हणून तिथली नोंद जास्त भरवशाची. मुलांची कामगिरी 1985 च्या सुमाराला सर्वांत वर होती. पुढे धावणं आणि चेंडूफेक दोन्ही घसरत गेलं. मुलं मात्र आईवडिलांपेक्षा उंच आणि वजनदार होत होती.

सगळी गुंतागुंत इथेच आहे. डायनॅमोमीटर म्हणजे पकडीची ताकद मोजणारं उपकरण मुठीत दाबायचं, तर थोराड हाताला फायदाच. अनेक देशांच्या नोंदी एकत्र केल्या, तर 1960 च्या दशकानंतर मुलांच्या मुठीची ताकद वाढलेलीच दिसते. पण दांड्याला लटकायचं म्हटलं की स्वतःचंच वजन पेलावं लागतं. इंग्लंडच्या एसेक्समधल्या दहा वर्षांच्या मुलांची 1998 आणि 2008 मध्ये तुलना झाली, प्रत्येक वेळी सुमारे तीनशे मुलं. सिट-अप्स सुमारे 27 टक्के कमी, वाकवलेल्या हातांनी लटकण्याची ताकद 26 टक्के कमी, पकड 7 टक्के कमी. लटकून स्वतःचं वजन पेलू न शकणारी मुलं विसात एक होती, ती दहात एक झाली. आणि 'मुलं जाड झाली, म्हणून' हे नेहमीचं उत्तर इथे चाललं नाही, कारण दोन्ही गटांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, जवळपास सारखाच होता. घट स्नायूंची असावी, असा संशोधकांचा कयास.

दरम्यान अमेरिकेने पवित्रा बदलला. 1966 पासून शाळेतल्या तंदुरुस्ती चाचणीत राष्ट्राध्यक्षांचा पुरस्कार मिळवायला शंभरातल्या 85 जणांच्या पुढे असावं लागे. 2012-13 मध्ये ही स्पर्धा मोडीत काढून 'फिटनेसग्राम' आलं. त्यात मुलाची गाठ इतरांशी नसून आरोग्याला पुरेशा ठरवलेल्या पातळीशी असते. जुलै 2025 मध्ये मात्र जुनी चाचणी परत आणण्याचा आदेश निघाला आहे.