जुन्या टर्बो गाडीतील उष्णतेचा हिशेब

पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यात तयार झालेली फियाटची अबार्थ पुन्टो ही टर्बो गाडी २०१५च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आली. अवघ्या १,३६८ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनातून १४५ अश्वशक्ती देणारी आणि तरीही दहा लाखांच्या आतली ही गाडी त्या वेळी अनेक तरुणांच्या मनात घर करून बसली. आता तिचे उत्पादन थांबले आहे. बाजारात उरलेल्या गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती जाऊ लागल्या आहेत आणि हा नवा मालक पुष्कळदा टर्बो इंजिन प्रथमच हाताळत असतो. गाडी घरी येताच त्याला पडणारा पहिला प्रश्न ‘हिची ताकद आणखी किती वाढेल?’ हा असतो. मला वाटते, त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा: या इंजिनात तयार होणारी उष्णता नेमकी कुठे जाते, आणि तिची वाट कुठे अडली आहे का? टर्बो गाडीची देखभाल आणि तिच्यातील सुधारणा या दोन्ही गोष्टी शेवटी याच प्रश्नाभोवती फिरतात.

पेट्रोल जाळून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश वाटा गरम वायूंबरोबर सायलेन्सरवाटे बाहेर फेकला जातो. हा वाया जाणारा वाटा कामाला लावता येईल, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. बाहेर पडणारे वायू एक लहान चक्र फिरवतात, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते, आणि जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जाळता येते. हाच टर्बो. अबार्थच्या इंजिनाच्याच घराण्यातील १.४ लिटरचे इंजिन फियाट लिनिया टी-जेट या गाडीत ११४ अश्वशक्ती देत असे. दोन्ही गाड्यांचा कमाल टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) मात्र जवळजवळ सारखाच आहे: लिनियाचा २०७ न्यूटन-मीटर, तर अबार्थचा २१२. टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून शक्ती ठरते. म्हणजे अबार्थमध्ये वाढलेली ताकद मुख्यतः वरच्या फेऱ्यांतही हवेचा पुरवठा टिकवून धरल्यामुळे आलेली आहे.

हवा दाबली की ती तापते, हे सायकलचा पंप मारताना हाताला जाणवलेले असते. टर्बोमध्ये हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडते. बाहेरची हवा ३५ अंश सेल्सिअसला आहे, तिचा दाब १.८ पट केला आणि दाबणाऱ्या चक्राची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर त्या चक्रातून हवा सुमारे ११५ अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा प्रसरण पावते, त्यामुळे दाब १.८ पट होऊनही घनता जेमतेम १.४३ पट होते. हीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे तिला थंड करणाऱ्या जाळीतून, जाताना ५० अंशांपर्यंत थंड झाली, तर घनता १.७ पटीच्या आसपास जाते (वाटेत दाब थोडा घटतो, तो येथे धरलेला नाही). टर्बो तोच आणि दाबही तोच, पण केवळ थंड करण्याने इंजिनाला जवळपास एक पंचमांश अधिक हवा मिळते. इंटरकूलरच्या जाळीत अडकलेला चिखल, पाने आणि किडे मंद धारेच्या पाण्याने धुऊन काढणे आणि वाकलेल्या पात्या सरळ करणे, हे एका दुपारचे काम ताकदीच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, ते या आकड्यांवरून दिसते.

गरम हवेचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. सिलिंडरमधील मिश्रण प्लगच्या ठिणगीपासून क्रमाक्रमाने जळत गेले पाहिजे. मिश्रण आधीच फार तापलेले आणि दाबलेले असेल, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा उरलेला भाग एकदम पेट घेतो. यालाच आपल्याकडे ‘नॉकिंग’ म्हणतात. त्यातून उठणाऱ्या दाबाच्या लाटा पिस्टनची कड आणि रिंगांमधली जागा फोडू शकतात. १९६२ सालच्या ओल्ड्समोबील जेटफायर या अमेरिकन गाडीची गोष्ट या संदर्भात मला नेहमी आठवते. टर्बो बसवून विक्रीला आलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी ती एक होती. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती आणि त्यासाठी वेगळी टाकी होती. पुष्कळ मालकांनी ती टाकी भरलीच नाही, आणि मग दाब आपोआप कमी करणारी सुरक्षा यंत्रणा लागू होऊन गाडीची ओढ गेली. बऱ्याच अंशी मालकाला उष्णतेची ही बाजू नीट कळलेली नसल्यामुळे एक चांगली कल्पना बदनाम झाली. आजच्या इंजिनात नॉक सेन्सर असतो; नॉकिंगची चाहूल लागताच तो ठिणगीची वेळ मागे घ्यायला, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावतो. त्यामुळे उन्हाळ्यात, साध्या पेट्रोलवर गाडी ‘ओढत नाही’ असे वाटले, तर ती पुष्कळदा स्वतःचा जीव वाचवत असते. कंपनीने ज्या ऑक्टेनची (पेट्रोलच्या नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा आकडा) शिफारस केली आहे, त्याहून हलके पेट्रोल वापरून काटकसर करणे म्हणूनच खरे नव्हे.

यानंतर ऑइल. लहान टर्बोचा दांडा पूर्ण दाबावर मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. फ्लोटिंग बेअरिंगच्या टर्बोमध्ये तो धातूवर टेकत नाही, तर ऑइलच्या अत्यंत पातळ थरावर तरंगतो. त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपास तापलेले वायू असतात, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मधली सगळी उष्णता वाहून नेण्याचे काम ऑइलचे व कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे). घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद केले, तर ऑइलचा प्रवाह थांबतो, पण तापलेल्या चक्राकडची उष्णता मधल्या भागात शिरतच राहते आणि तिथे अडकलेले ऑइल जळून त्याचा कठीण कोळसा होतो. हा कोळसा नंतर बेअरिंग खरवडतो आणि बारीक नळ्या बुजवतो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवणे, किंवा ते शक्य नसेल तर मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवणे, एवढी काळजी पुरते. सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना उलटी काळजी घ्यावी लागते, कारण थंड ऑइल घट्ट असते आणि तापमानाचा काटा ऑइलचे नव्हे, तर कूलंटचे तापमान दाखवतो. काटा मध्यावर आल्यावरही काही मिनिटे जोरात रेस देऊ नये. ऑइलचा दर्जा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असेल तोच घ्यावा. बदलण्याचे अंतर मात्र शहरातील गर्दी आणि उष्मा लक्षात घेऊन पुस्तिकेतल्यापेक्षा बरेच कमी ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. टर्बोच्या किमतीपुढे दोन जादा ऑइल बदलांचा खर्च नगण्य आहे.

जुनी गाडी पाहताना ती थंड असतानाच पाहावी, कारण तापवून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते. बराच वेळ मंद चालू ठेवून मग रेस दिल्यावर निळा धूर आला, तर ऑइल जळते आहे, हे नक्की. पण ते टर्बोतूनच येते, असा निष्कर्ष लगेच काढू नये. टर्बोतले ऑइल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली इंजिनात परतते. इंजिनाच्या पोटातले वायू बाहेर नेणारी नळी तुंबली, तर आत दाब वाढतो, ऑइलला खाली उतरता येत नाही आणि ते टर्बोच्या सीलवरून बाहेर पडते. एका स्वस्त नळीपायी धडधाकट टर्बो बदलले जातात. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजून घ्यावे. त्यात एकूण आकड्याइतकेच महत्त्व चारांमधील तफावतीला असते. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी मागे असेल, तर ती गाडी सोडून द्यावी किंवा किंमत त्या हिशेबाने ठरवावी.

माझ्या स्वतःच्या जुन्या टर्बो गाडीत एकदा वेग घेताना शिटीसारखा आवाज येऊ लागला आणि पिकअप मंदावला. एका गॅरेजमध्ये टर्बो गेल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या मेकॅनिकने नळ्यांमध्ये हलक्या दाबाने धूर सोडला, तेव्हा इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजला क्लॅम्पखाली गेलेली बारीक चीर दिसली. होज बदलला आणि आवाज थांबला. अशी गळती दुर्लक्षित राहिली, तर ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते, हवा आणखी तापते, आणि किरकोळ चिरेचे रूपांतर खरोखरच टर्बोच्या दुखण्यात होते.

स्पार्क प्लगकडेही येथे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. दाबलेल्या, दाट हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. प्लग झिजून त्याच्या टोकांतील अंतर वाढले, की कमी दाबावर नीट चालणारे इंजिन पूर्ण दाबावर अडखळू लागते. न जळलेले पेट्रोल मग पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागात) जळते आणि तोही भाग भाजून निघतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजून काम करून घ्यावे, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

सुधारणांची सुरुवात मी ब्रेकपासून करायला सांगतो. १,२०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ४.६ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. ताशी १४० वरून थांबवताना हीच ऊर्जा जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही सारी उष्णता डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइल यांना सोसावी लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा शोषल्यावरची मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर ते उकळले, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीला टेकते. कोकणातला पावसाळा पाहिलेल्या जुन्या गाडीत ताजे ब्रेक ऑइल, चांगले पॅड आणि ताजे टायर यांवर झालेला खर्च इतर कुठल्याही खर्चाआधी व्हायला हवा.

उघडा एअर फिल्टर बसवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण आवाज दमदार येतो. पण तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ३५ अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत आली, तर तिची घनता साडेसात टक्क्यांनी घटते, आणि हा तोटा टर्बोच्या आधीच झालेला असतो. थंड हवेची वाट बंद करून मिळवलेला आवाज मला तरी महाग वाटतो.

राहिला रीमॅपचा विषय. इंजिनाच्या संगणकातील तक्ते बदलून दाब वाढवता येतो, आणि टर्बो इंजिनात त्याचा परिणाम साध्या इंजिनापेक्षा खूपच मोठा असतो. मात्र वाढलेला टॉर्क प्रथम जुन्या क्लचवर येतो आणि वाढलेली उष्णता इंटरकूलर, ऑइल व पिस्टनवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर मर्यादा आहेत, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, याचाही विचार आधी करावा. एवढे करूनही रीमॅप करायचाच असेल, तर त्यापूर्वी ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या जोडणीला) एक साधे यंत्र जोडून मे महिन्याच्या दुपारी खंबाटकीचा चढ चढावा आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान व ठिणगीची वेळ यांची नोंद घ्यावी. कंपनीच्याच दाबावर तापमान चढत जात असेल आणि संगणक ठिणगी सतत मागे घेत असेल, तर हातातले पैसे इंटरकूलरकडे वळवावेत.