ऑटिझम: आरोपीच्या पिंजऱ्यातून मुलाशेजारी आलेले आईवडील

मूल दीड-दोन वर्षांचं असतानाच ऑटिझमची (स्वमग्नतेची) लक्षणं ओळखा आणि वेळ न दवडता थेरपी सुरू करा, हा सल्ला आज सगळीकडे मिळतो. साठ वर्षांपूर्वी अशाच मुलाच्या आईला 'दोष तुमचाच' हे ऐकावं लागायचं.

१९४३ मध्ये अमेरिकेत बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ ऑटिस्टिक मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. ही वेगळी ठेवण जन्मजात असावी, असं त्यांनी त्याच लेखात म्हटलं होतं. पण पालकांच्या अलिप्तपणाचाही त्यात उल्लेख होता आणि पुढे चर्चा झाली ती त्याचीच. स्वतः कॅनरही काही काळ तिकडे झुकले. शिकागोत निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मधल्या पुस्तकात सरळ आईवडिलांवर बोट ठेवलं. दुखण्याचं मूळ घरात आहे म्हटल्यावर इलाज एकच उरला: मुलाला घरापासून तोडणं.

या मांडणीला सुरुंग लावला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड नौदलात मानसशास्त्रज्ञ होते, मुलगा ऑटिस्टिक. ऑटिझमची कारणं जैविक आहेत, असं सांगणारं त्यांचं पुस्तक १९६४ मध्ये आलं आणि त्याला प्रस्तावना होती खुद्द कॅनर यांची! १९६९ मध्ये पालकांच्या मेळाव्यात कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. १९७७ मध्ये जुळ्यांच्या २१ जोड्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावाही पुढे आणला. तोवर नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉपलर यांनी पालकांना सहथेरपिस्ट म्हणून कामाला घेतलं होतं; १९७२ पासून तो कार्यक्रम राज्यभर चालू झाला.

लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रज्ञ ईवार लोवास वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचले. त्यांच्याकडे शिकून निवासी संस्थांमध्ये परत गेलेली मुलं शिकलेलं गमावून बसत. पालकांना प्रशिक्षण मिळालेल्या घरांतली मुलं टिकवून ठेवत. म्हणून त्यांनी पुढचा प्रयोग लहान वयात आणि घरातच केला. मूल समोर बसलेलं. 'असं कर' म्हणत थेरपिस्ट टाळी वाजवणार, मुलाने वाजवली की खाऊचा तुकडा आणि शाब्बासकी. नाही वाजवली तर हात धरून करवून घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आठवड्याला ४० तास, दोन वर्षं किंवा जास्त. १९८७ मध्ये निकाल आला: १९ पैकी ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पास झाली, बुद्ध्यांकही सर्वसाधारण. 'लवकर' या शब्दाला वजन आलं ते इथून. मात्र मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती आणि पद्धतीत मांडीवर चापट मारणंही होतं. हे तपशील मागे पडले, ४० चा आकडा तेवढा पक्का बसला.

लवकर सुरुवात करायची तर आधी ओळखता यायला हवं. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये १८ महिन्यांच्या मुलांसाठी एक छोटी चाचणी तयार झाली: आवडलेली वस्तू मूल बोटाने दाखवतं का, खेळण्यातल्या किटलीतून खोटा खोटा चहा ओततं का. पुढे सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी खेळातूनच शिकवण्याची पद्धत बसवली; त्यांच्या २०१० मधल्या प्रयोगातली मुलं १८ ते ३० महिन्यांचीच होती.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या १५२ मुलांवरच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. यात थेरपिस्ट शिकवतो ते पालकाला. आई आणि मूल खेळताना व्हिडिओ काढायचा, मग थेरपिस्ट आणि आईने तो थांबवत थांबवत पाहायचा: इथे त्याने गाडीकडे पाहिलं, तुम्ही मात्र चेंडूबद्दल बोलत होतात. सुरुवातीला मुलांच्या लक्षणांत ठळक फरक दिसला नाही, पण काही वर्षांनी केलेल्या पाहणीत तो दिसला. हीच पद्धत गोवा आणि रावळपिंडीत तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी राबवून पाहिली. मला ही पायरी लोवास यांच्या निकालापेक्षा मोलाची वाटते, कारण तज्ज्ञ नाहीत अशी ठिकाणंच जगात जास्त आहेत.

दरम्यान ऑटिस्टिक मुलं मोठी होऊन बोलू लागली होती. हात झटकण्याची स्वाभाविक सवय थांबवायला लावणं, नजर मिळवायला भाग पाडणं यात नेमकं भलं कोणाचं झालं, असा त्यांचा सवाल आहे. आणि तासांचं म्हणाल, तर २०२४ मध्ये १४४ अभ्यास एकत्र तपासले गेले. तास वाढवले म्हणून फायदा वाढतो, याचा भक्कम पुरावा त्यात सापडला नाही.