कुल्फीतलं कुलूप

'कुल्फी' आणि 'कुलूप' हे शब्द एकमेकांचे चुलतभाऊ. दोघांचं मूळ अरबी 'कुफ्ल', म्हणजे टाळं. वाटेत कुठेतरी 'फ' आणि 'ल' यांनी जागा बदलल्या. फारसीतून आलेली 'कुल्फी' म्हणजे मुळात झाकण घट्ट बसणारा पेला किंवा साचा. आत गोठणाऱ्या आटीव दुधाला साच्याचंच नाव चिकटलं, जसं आपण 'दोन प्लेट दे' म्हणतो आणि ताटली कोणी खात नाही.

हे कुलूप शोभेचं नव्हतं. पत्र्याच्या निमुळत्या साच्याचं झाकण जुने कुल्फीवाले कणकेनं लिंपून बंद करत, कारण साचा पुढे मटक्यातल्या बर्फ-मिठाच्या काल्यात बुडायचा. त्यातलं खारं पाणी थेंबभर जरी आत शिरलं तरी कुल्फी वाया.

पण मीठ हवंच कशाला? बर्फ शून्य अंश सेल्सिअसला वितळतो आणि वितळेपर्यंत तिथेच थांबतो. साखर घातलेलं आटीव दूध मात्र शून्यावर गोठत नाही, ते एक-दोन अंश खाली गोठायला लागतं आणि दाताला कडक लागेल इतकं व्हायला बरंच आणखी खाली जावं लागतं. त्यामुळे नुसत्या बर्फात साचा दिवसभर ठेवला तरी हाती गारेगार मसाला दूधच येईल. जाडं मीठ पडलं की बर्फावरच्या ओल्या थरात ते विरघळतं. त्या खाऱ्या पाण्याला शून्यावर पुन्हा गोठता येत नाही, म्हणून बर्फ वितळतच राहतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती बाहेरून पुरेशी मिळत नाही, तेव्हा बर्फ ती स्वतःतून, खाऱ्या पाण्यातून आणि त्यात बुडवलेल्या साच्यातून ओढून घेतो. मिठाचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास असलं तर हा काला उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. थोडक्यात, कुल्फी गोठवतो तो बर्फाचा गारवा नव्हे, बर्फाचं वितळणं. (घरी करून पाहणाऱ्यांनी त्यात बोटं बुडवू नयेत. कातडीला बाधतं.)

कुल्फीचा इतिहास सांगताना मुघलांच्या सोऱ्याचा उल्लेख हटकून येतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तोफेच्या दारूतला मुख्य घटक. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलनं याची गंमत नोंदवली आहे: जो सोरा दारूगोळ्यात आग भडकवतो, तोच पाणी थंड करतो. कृतीही दिली आहे. एक शेर पाणी धातूच्या सुरईत भरून तोंड बंद करायचं, दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि सुरई त्यात पाव तास फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता शोषतो, म्हणून पाणी गार होतं. पण नीट वाचलं तर ही कृती पाण्याची आहे, दुधाची नाही. आणि सोरा थेट बर्फात मिसळला तरी मिश्रण जेमतेम उणे तीन अंशांपर्यंत जातं. तेवढ्यात घट्ट कुल्फी होत नाही. तेव्हा सोऱ्यानं बादशहाचं पाणी गार केलं हे खरं, पण कुल्फीचं श्रेय मी तरी साध्या मिठालाच देईन.

उरला प्रश्न बर्फाचा. अकबराच्या दरबारात तो डोंगरांतून लाहोरला उतरवला जाई. पण मैदानातही बर्फ बनत असे, आणि या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत आवडतो तो हाच भाग. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्यानं अलाहाबादकडची ही रीत १७७५ मध्ये लिहून ठेवली. दोनेक फूट खोल खड्डे खणायचे, तळाशी उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर द्यायचा, त्यावर उथळ, कच्च्या मातीच्या परळांत तिन्हीसांजेला उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. थंडीतल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पहाटेपूर्वी परळांत बर्फ धरे. खालच्या ताटांमुळे जमिनीची ऊब वर येत नसे, मातीतून पाझरणारं पाणी माठासारखं बाष्प होऊन उष्णता नेई, आणि उघड्या आभाळाकडे पाण्याची उष्णता निघून जाई. ढग आले की मजुरी फुकट.

मुंबईत असली थंडी कुठून येणार! इथे बर्फ आला तो समुद्रावरून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे १०० टन उरला होता. लवकरच मुंबईलाही अमेरिकी तळ्यांतला बर्फ उतरू लागला आणि फोर्टात त्याच्यासाठी बर्फघर उभं राहिलं. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, हा किस्सा त्याच काळातला म्हणून सांगतात.

हँडल फिरवून करायचं पॉट आइस्क्रीमही बर्फ-मिठावरच चालतं. त्याच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये घेतलं. फिरणाऱ्या पात्यामुळे बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि मिश्रणात हवा कोंबली जाते. कुल्फीत पातं नाही, त्यामुळे हवा जवळजवळ नाहीच. स्फटिक मोठे होऊ नयेत म्हणून दूध आधीच आटवून त्यातलं पाणी कमी केलेलं असतं. म्हणून कुल्फी जड, दाट लागते आणि काडीवर जास्त वेळ टिकून राहते. आता साचे फ्रीझरमध्ये जातात, खारं पाणी कुठेच नसतं. तरी गाडीवाला साचा दोन तळव्यांमध्ये चोळून झाकण उघडतो, तेव्हा कडेची पातळ फिल्म वितळते आणि कुल्फी सुटून बाहेर येते.