लंडनला मोटरहोम घेऊन जाताय? कंजेशन चार्ज वेगळा, यूलेझ वेगळा

“आम्ही गाडी ॲबी वुडला लावणार आणि तिथून ट्रेनने शहरात जाणार. मग लंडनचा चार्ज आम्हाला कशाला लागेल?” मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन लंडनला निघालेल्या मराठी मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की शेवटी ते सविस्तर लिहून काढायचं ठरवलं. ॲबी वुडला लंडनच्या कडेची कॅम्पसाइट आहे, त्यामुळे यातलं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे. गाडी शहराच्या कडेला लावून ट्रेनने फिरणं हाच लंडन बघायचा शहाणा मार्ग. चूक दुसऱ्या वाक्यात आहे. “लंडनचा चार्ज” असा एकच चार्ज अस्तित्वात नाही, दोन आहेत: कंजेशन चार्ज आणि यूलेझ. ट्रेन पकडल्याने त्यातला एक चुकतो. दुसरा कॅम्पसाइटच्या फाटकापर्यंत तुमच्यासोबत येतो.

कंजेशन चार्ज, म्हणजे गर्दीच्या मध्य लंडनमध्ये गाडी चालवण्याचे पैसे, बहुतेकांना माहीत असतो, म्हणून तो भराभर उरकते. १७ फेब्रुवारी २००३ रोजी तो सुरू झाला तेव्हा दिवसाला ५ पौंड होता, २ जानेवारी २०२६पासून १८ पौंड आहे. तो लागतो फक्त मध्य लंडनच्या सुमारे २१ चौरस किलोमीटरमध्ये. ढोबळमानाने उत्तरेला मॅरिलबोन रोड आणि युस्टन रोड, पश्चिमेला पार्क लेन, दक्षिणेला एलिफंट अँड कॅसल, पूर्वेला टॉवर ब्रिज रोड, यांच्या आतला भाग. वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडेला दुपारी १२ ते ६. हद्दीवर लाल गोलात पांढरा ‘सी’ दिसतो. गाडी किती नवी, याच्याशी काही देणंघेणं नाही; कालच शोरूममधून बाहेर पडलेली मोटरहोमही तेवढेच पैसे भरते.

आणि खरं सांगायचं तर मोटरहोमवाल्याला या चार्जची चर्चा करायची गरजच पडू नये. सात मीटर लांब गाडी तिथे लावणार कुठे? तळघरातल्या पार्किंगची उंचीच दोन मीटरच्या आसपास संपते. टॉवर ब्रिजवरून मोटरहोम चालवत नेल्याचे व्हिडिओ बघून तसाच बेत आखणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, तो हट्ट सोडा. त्या गर्दीत गाडी चालवणाऱ्याला पूल दिसतही नाही.

आता यूलेझ, म्हणजे अल्ट्रा लो एमिशन झोन: जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना जिथे पैसे पडतात तो भाग. सगळा घोळ इथे होतो, आणि त्याला कारणही आहे. ८ एप्रिल २०१९ रोजी यूलेझ सुरू झाला तेव्हा त्याची हद्द नेमकी कंजेशन चार्जच्या हद्दीएवढीच होती. त्या काळात “मध्य लंडनमध्ये गाडी नेऊ नका, सुटाल” हा सल्ला दोन्हींना लागू पडायचा. २५ ऑक्टोबर २०२१ला यूलेझ उत्तर आणि दक्षिण सर्क्युलर रोडपर्यंत पसरला. २९ ऑगस्ट २०२३ला तो लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या सगळ्या प्रशासकीय विभागांत, लागू झाला. म्हणजे २१ चौरस किलोमीटरवरून थेट सुमारे दीड हजार. पण २०१९-२०मधले लेख, व्हिडिओ आणि फॉरवर्ड केलेले मेसेज तसेच फिरताहेत आणि लोक त्यांच्या भरवशावर डोव्हर बंदरात उतरताहेत.

एकदा हे डोक्यात पक्कं बसलं की गोंधळ होत नाही: कंजेशन चार्ज विचारतो, तुम्ही कुठे आणि किती वाजता आहात? यूलेझ विचारतो, तुमची गाडी कुठली आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ट्रेनच्या तिकिटाने बदलता येतं, दुसऱ्याचं येत नाही. ॲबी वुड आग्नेय लंडनमध्ये आहे, कंजेशन चार्जच्या हद्दीपासून कितीतरी दूर, पण यूलेझच्या पार आत. डोव्हरहून ए-२ रस्त्याने येताना लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग ओलांडून थोडं पुढे आलात की झोन सुरू. ना फाटक, ना टोलनाका. हिरवी पाटी येते आणि मागे पडते, आणि खांबावरचा कॅमेरा तुमची नंबरप्लेट टिपून घेतो. रात्रीचे तीन वाजलेले असोत की रविवार असो, वर्षात फक्त २५ डिसेंबरला सुट्टी.

नातेवाईकांकडे गाडी लावणाऱ्यांचाही इथेच घात होतो. “चुलतभाऊ हॅरोला राहतो, त्याच्या दारात लावू” किंवा “हाउन्स्लोला मावशी आहे.” हॅरो आणि हाउन्स्लो दोन्ही लंडनच्या बरो आहेत, दोन्ही यूलेझमध्ये. स्लाव मात्र बर्कशरमध्ये, म्हणजे झोनच्या बाहेर, आणि तिथून एलिझाबेथ लाइन ही रेल्वे सरळ मध्य लंडनमध्ये जाते. जुनी डिझेल गाडी असेल आणि स्लावला कुणी आपलं माणूस असेल, तर त्यांच्याकडे हक्काने जा. एम-२५ स्वतः झोनमध्ये नाही, त्यामुळे तिथवर पोचायलाही अडचण नाही.

पत्त्यावरून अंदाज बांधू नका. सूअर्डस्टोन नावाच्या गावाला ई-४ हा लंडनचा पोस्टकोड आहे, पण ते गाव एसेक्समध्ये. उलट ब्रॉम्लीच्या पत्त्यात लोक अजून केंट लिहितात, आणि ते पूर्णपणे यूलेझमध्ये आहे. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या, म्हणजे टीएफएलच्या संकेतस्थळावरचा नकाशा तेवढा खरा.

गाडी कुठली चालते? पेट्रोलला युरो ४, डिझेलला युरो ६. आपल्याकडे बीएस-४, बीएस-६ म्हणतात त्याच जातीची ही मोजणी आहे. मोटरहोम बहुतेक डिझेलच असतात, आणि साधारण सप्टेंबर २०१६नंतर नोंदणी झालेली गाडी युरो ६ असते. त्याआधीची असेल तर शंका घ्या. गाडी ब्रिटनमध्ये नोंदलेली असेल तर टीएफएलवर नंबर टाका, तिथल्या तिथे उत्तर मिळतं. “आमच्या गाडीची वार्षिक तपासणी झालीय, धूर अजिबात नाही” हे इथे चालत नाही. यूलेझ पीयूसी नव्हे. गाडी कारखान्यातून कुठल्या मानकाची निघाली, तेवढंच तो बघतो. मानकात बसली तर शून्य, नाही बसली तर दिवसाला साडेबारा पौंड. भाड्याने घेतलेली नवी मोटरहोम जवळजवळ नेहमी शून्यात बसते. तरी ताबा घेण्याआधी नंबर मागून घ्या आणि स्वतः तपासा.

आइंडहोवन, म्युनिक, श्टुटगार्ट इथून स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगते. काचेवरचा जर्मनीचा हिरवा स्टिकर किंवा फ्रान्सचा क्रित’एर लंडनला काही कामाचा नाही. लंडनमध्ये स्टिकर ही भानगडच नाही, सगळा कारभार नंबरप्लेटवर चालतो. परदेशी नोंदणीच्या गाडीची माहिती ब्रिटनच्या यंत्रणेकडे नसते. म्हणून गाडी युरो ६ असली तरी निघण्याआधी कागदपत्रं देऊन टीएफएलकडे तिची नोंद करावी लागते. हे आदल्या रात्री बोटीवर बसून करायचं काम नव्हे, हाताशी वेळ ठेवून करा.

गाडी मोठी असेल तर आणखी एक वळण आहे. वर सांगितलेले साडेबारा पौंड ३.५ टनांपर्यंतच्या मोटरहोमसाठी. त्याच्या वर गेलात की यूलेझ सुटतो आणि जुना लो एमिशन झोन लागतो. त्यात युरो ६ नसलेल्या गाडीला दिवसाला १०० पौंड आणि युरो ४ही नसेल तर ३०० पौंड. त्याला नाताळचीही सुट्टी नाही. आणि ३.५ टन म्हणजे काट्यावर भरलेलं वजन नव्हे, कागदावर लिहिलेलं कमाल अनुज्ञेय वजन. पाण्याची टाकी रिकामी केल्याने यात काही फरक पडत नाही.

आता दिवस कसे मोजतात ते, कारण इथे लोक विनाकारण जास्त पैसे भरतात. यूलेझचा चार्ज गाडी चालवल्याचा आहे, उभी ठेवल्याचा नाही. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री. समजा, जुनी डिझेल गाडी घेऊन शुक्रवारी दुपारी ॲबी वुडला पोचलात, मधले दिवस ट्रेनने फिरलात, मंगळवारी सकाळी निघालात. भरायचे फक्त शुक्रवार आणि मंगळवारचे, एकूण २५ पौंड. पाच दिवसांचे साडेबासष्ट नव्हेत. म्हणून आल्यावर सामान भरायला गाडी पुन्हा बाहेर काढू नका. येतानाच झोनच्या बाहेर खरेदी आणि डिझेल उरका. आणि रात्री उशिरा झोनमध्ये शिरू नका: पावणेबाराला शिरून सव्वाबाराला पोचलात तर एकाच प्रवासाचे दोन दिवस धरले जातात.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. दोन्ही चार्ज प्रवासानंतर तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत भरता येतात. चुकवलात तर दोन्हींचा दंड १८० पौंड, चौदा दिवसांत भरल्यास ९०. एकाच दिवशी दोन्ही लागू शकतात, एक भरला म्हणून दुसरा माफ होत नाही. शोधताना वर येणाऱ्या जाहिरातींवर मुळीच क्लिक करू नका. हुबेहूब सरकारी दिसणारी संकेतस्थळं त्याच चार्जवर स्वतःचं कमिशन लावतात, आणि या प्रकाराची मला मनापासून चीड आहे. डार्टफर्डला थेम्स ओलांडण्याचा डार्ट चार्ज हे पूर्णपणे वेगळं प्रकरण, त्याचा टीएफएलशी संबंध नाही आणि त्याची मुदत दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंतच आहे. उत्तरेकडून येताना ब्लॅकवॉल किंवा सिल्व्हरटाउन बोगदा घेतलात तर ७ एप्रिल २०२५पासून त्याचेही वेगळे पैसे पडतात.

इतकं सगळं सांगूनही मी ॲबी वुडच सुचवते. तिथली कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लबची कॅम्पसाइट झाडीत आहे, सभासद नसलात तरी जागा मिळते, आणि स्टेशन पायी गाठता येतं. २४ मे २०२२ रोजी एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यापासून कॅनरी व्हार्फ, लिव्हरपूल स्ट्रीट, टॉटनम कोर्ट रोड, पॅडिंग्टन, सगळं एकाच गाडीत. टॉटनम कोर्ट रोडला पोचायला साधारण पंचवीस मिनिटं. गाडी जुनी असेल आणि एक पैसाही द्यायचा नसेल तर हर्टफर्डशरमध्ये हॉडस्डनजवळ ली व्हॅलीची डॉब्स विअर कॅम्पसाइट आहे, ब्रॉक्सबर्न स्टेशनवरून लिव्हरपूल स्ट्रीटला गाड्या आहेत. पण तिथून ट्रेनचं रोजचं भाडं जास्त पडतं. दोन दिवसांच्या २५ पौंडांशी तुलना करूनच ठरवा. चौघांचं कुटुंब असेल तर बऱ्याचदा ॲबी वुडच स्वस्त पडेल.

तिकीट काढत बसू नका, कॉन्टॅक्टलेस कार्ड वापरा. दिवसाची कमाल मर्यादा आपोआप लागते, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. सकाळी फाटकाच्या पिवळ्या गोलावर फोन टेकवला असेल तर उतरताना आणि दिवसभर फोनच टेकवा. फोनमधलं कार्ड आणि पाकिटातलं प्लास्टिकचं कार्ड एकाच खात्याचं असलं तरी यंत्र त्यांना दोन वेगळे प्रवासी धरतं, आणि मग दोघांचेही प्रवास अर्धवट राहून जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. भारतातून कार्ड आणणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही पर्याय घरूनच चालू करून निघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानंतर नव्या कार्डावर ते बंदच येतात. स्लावहून जाणाऱ्यांनी ऑयस्टर हे लंडनचं प्रवासकार्ड घेऊ नये, तिथे ते चालत नाही. लंडनमध्ये एलिझाबेथ लाइनवर अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, त्यांना रुंद फाटकातून न्या. आणि संध्याकाळी परतताना एकदा तरी वेस्टमिन्स्टरहून वूलिचपर्यंत थेम्सवरच्या बोटीने या. पैसे त्याच कार्डाने देता येतात, पण दिवसाच्या मर्यादेत धरले जात नाहीत. वूलिचहून एलिझाबेथ लाइनवर ॲबी वुड पुढचंच स्टेशन आहे.