पुस्तकातून गिरवल्याने शैली मरते का?

रेखाटनाच्या पुस्तकांतील चित्रे पाहून सराव केला, की हाताला नकलेची खोड जडते आणि स्वतःची शैली कायमची हरवते, असा समज फार जुना आहे. इतिहास मात्र त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. फ्रेंच चित्रकार शार्ल बार्ग यांच्या, एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये निघालेल्या, रेखाटनाच्या पाठमालेतील शिळामुद्रित (दगडी ठशावरून छापलेली) पाने व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८० मध्ये चित्रकलेकडे वळताच चिकाटीने उतरवून काढली आणि १८९० मध्ये, म्हणजे शैली पुरती घडल्यानंतरही, त्यांतील काही पुन्हा रेखाटली. त्यांची रेषा बार्ग यांची आहे, असे कोणी म्हणणार नाही.

या पाठमालेच्या अनेक पानांवर एका बाजूला सरळ रेषांनी बांधलेला ढोबळ आराखडा आणि शेजारी छायाप्रकाशासह पूर्ण आकृती असते, त्यामुळे खांद्याची वक्र बाह्यरेषा आधी दोन-तीन सरळ तुकड्यांत मोडून मग कशी वळवावी, हे नजरेला कळते. असा सराव म्हणजे नक्कल नव्हे, निरीक्षण होय.

समजात तथ्य आहे ते इतकेच, की एकाच शैलीचे पुस्तक वर्षानुवर्षे उतरवणाऱ्याला, उदाहरणार्थ मांगा (जपानी चित्रकथा) पद्धतीचे मोठे डोळेच काढत राहणाऱ्याला, समोर बसलेल्या माणसाचा डोळा काढताना अडखळायला होते. पण तो दोष प्रत्यक्ष पाहून रेखाटन न करण्याचा, पुस्तकाचा नव्हे.